सॉफ्टवेअर जुनंच आहे, पण ट्रॅक तयार आहे!

गॅदरिंगमध्ये ट्रॅकवर गाणं म्हणजे काय असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पेनड्राइव्ह द्यायचा, साउंडवाल्या दादाने त्यातली फाइल शोधायची आणि म्युझिक सुरू झालं की गाणाऱ्याने त्याच्या मागे धावायचं. समोर पेटी-तबला असेल तर तबलजी तुमच्याकडे बघतो, तुम्ही एक ओळ विसरलात तर तो एक आवर्तन जास्त वाजवून तुम्हाला सावरून घेतो. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. म्हणून तो आधीच नीट, गाणाऱ्याच्या मापाचा बनवलेला असावा लागतो. ब्लाउज शिवून घेतो तसा.

आज लिहायचंय ते हे माप घेणाऱ्या पोरांबद्दल. प्रत्येक तालुक्याच्या गावात असे दोन-चार जण असतातच. भोकरला आहेत, मुदखेडला आहेत, हिमायतनगरलाही असतील. घरातल्या एका खोलीत लॅपटॉप, एक जुना कीबोर्ड, हेडफोन आणि भिंतीला लावलेली चादर. कुणी बीकॉमला, कुणी आयटीआयला, कुणी पोलीस भरतीची तयारी करत करत हे काम करतं. गॅदरिंगची गाणी, १४ एप्रिलच्या आधी भीमगीतं, १ ऑगस्टच्या आधी अण्णाभाऊंवरची गाणी, गणपतीत आरत्या, लग्नसराईत नवरीच्या एंट्रीचं काहीबाही. आपला भाग तेलंगणाला चिकटलेला, त्यामुळे 'तेलुगू डीजेसारखं दणकेबाज करून दे' ही फर्माईशही येते. आणि या पोरांना एक टोमणा हमखास ऐकावा लागतो.

"अजून तेच जुनं एफएल वापरालास का बे?"

माझं मत विचाराल तर, वापरू द्या. नुसतं वापरू देऊ नका, त्याला ते सोडायला लावूही नका.

हे 'एफएल' म्हणजे एफएल स्टुडिओ. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीने १९९७ च्या अखेरीस ते 'फ्रूटी लूप्स' नावाने आणलं. २००३ मध्ये नाव बदललं, कारण 'फ्रूट लूप्स' नावाचं नाश्त्याचं सीरियल विकणाऱ्या केलॉगशी नावावरून वाद होता. नाव खेळण्यासारखं, दिसायलाही रंगीबेरंगी चौकोन, म्हणून 'पोरांचं सॉफ्टवेअर' असा शिक्का बसला तो अजून पुसलेला नाही. आपल्याकडे मात्र डीजेवाल्यांपासून भजनी मंडळाच्या कॅसेटचं पुन्हा रेकॉर्डिंग करणाऱ्यांपर्यंत कितीतरी जणांचा हात त्यावरच बसला. तुमच्याकडे क्यूबेस असेल, रीपर असेल, केकवॉक असेल, तरी पुढचं सगळं तसंच लागू आहे. मुद्दा एका कंपनीचा नाही, बसलेल्या हाताचा आहे.

आता जरा कामाच्या आत शिरू. बॅकिंग ट्रॅक बनवणाऱ्याला सगळ्यात जास्त वेळा काय करावं लागतं? भारी सिंथ शोधणं नाही. पट्टी बदलणं. समजा, बीएच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी आली. नेटवरून उतरवलेला कराओके ट्रॅक काळी चारमध्ये आहे आणि तिचा आवाज पांढरी चारमध्ये मोकळा लागतो. फरक फक्त तीन स्वरांचा, म्हणजे तीन सेमीटोनचा. पण तेवढ्यानेच अंतऱ्यातल्या वरच्या जागेवर तिचा गळा आवळतो. मग कुणीतरी सल्ला देतं, "आहे तसंच गा, कुणाला कळतंय?" कळतं हो. सगळ्यात आधी तिलाच कळतं, आणि पुढच्या वर्षी ती नाव देत नाही.

तयार ट्रॅक सरळ तीन स्वर खाली ओढला तर पेटी-बासरी एकवेळ चालून जाते, पण ढोलकीचा आवाज ओल्या पोत्यावर मारल्यासारखा येतो. कारण स्वर खाली ओढताना चामड्यावरची थापही ओढली जाते. हेच जर तुम्ही स्वतः नोट टाकून बनवलं असेल, तर सुरांच्या वाद्यांच्या नोट तीन घरं खाली सरकवायच्या, ताल आहे तिथे ठेवायचा आणि बासचा एखादा स्वर फारच खाली गेला तर तेवढा वरच्या सप्तकात न्यायचा. ज्याचा हात बसलाय त्याला पाच मिनिटं. स्टेजच्या मागे, सूत्रसंचालक पाहुण्यांचा सत्कार करत असताना. ज्याने मागच्याच आठवड्यात नवं सॉफ्टवेअर घेतलंय, तो तेव्हा यूट्यूबवर 'हाऊ टू ट्रान्सपोज' शोधत असतो, आणि हॉलमध्ये रेंज नसते.

तालाचंही तसंच. ही सगळी सॉफ्टवेअर बाहेरच्या संगीताच्या हिशोबाने बनलेली. उघडलं की समोर चार-चारचे खाने. एफएलच्या स्टेप सिक्वेन्सरमध्ये सोळा घरं दिसतात. केरव्याच्या आठ मात्रा त्यात झकास बसतात, प्रत्येक मात्रेला दोन घरं. दादऱ्याच्या सहा मात्रांना बारा घरं लागतात, रूपकाच्या सातला चौदा. पॅटर्नची लांबी बदलता येते, हे एकदा कळलं की कळलं. पण भजनी ठेक्याला जो हेलकावा असतो, लावणीच्या ढोलकीत थाप किंचित आधी किंवा नंतर पडते, ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळत नाही. ते एकेक ठोका माउसने सरकवत, कानाने ठरवत बनवावं लागतं. आमच्या ओळखीतल्या एका पोराने असे ठेके चार वर्षं जमवलेत. त्याच्या लॅपटॉपमध्ये 'केरवा हळू', 'केरवा मिरवणूक', 'हलगी उठाव' अशा नावांचे फोल्डर आहेत. त्याची खरी इस्टेट तीच आहे. सॉफ्टवेअर बदललं की यातलं निम्मं पुन्हा पहिल्यापासून बनवायचं.

याच पोराची एक गोष्ट सांगते. नाव लिहू नको म्हणालाय. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत त्याला कुणीतरी पटवलं की, 'प्रोफेशनल' लोक हे वापरत नाहीत. त्याने नवं सॉफ्टवेअर टाकलं आणि जिद्दीने शिकायला बसला. वाईट काहीच नाही त्यात. पण मार्चच्या शेवटी भीमगीतांची कामं आली. सहा गाणी, दोन गायक, प्रत्येकाची पट्टी वेगळी. एरवी दोन रात्रींत होणारं गाणं आठवडा घ्यायला लागलं. आवाज म्हणे जास्त 'क्लीन' होता, असेलही. पण गायकांना रियाजाला ट्रॅक हवा होता मार्चअखेर, आणि तो हातात पडला १२ एप्रिलला. एका गायकाने ट्रॅकचा नाद सोडला आणि ढोलकी-हार्मोनियमवर कार्यक्रम केला. तो छानच झाला, हा भाग वेगळा. याचे पैसे गेले आणि पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईकही गेलं. आता तो परत एफएलवर आहे, आणि नवं सॉफ्टवेअर मे-जूनमध्ये शिकतो, जेव्हा कामं नसतात.

मला वाटतं, आपल्याला सॉफ्टवेअर बदलावंसं वाटतं ते बहुतेकदा गाणं अडलंय म्हणून नाही. आपल्याला कंटाळा आलेला असतो, किंवा कुणीतरी हसलेलं असतं. किंवा रील बघितलेली असते. त्या रीलमधल्या माणसाच्या मागे निळे दिवे असतात, दोन मोठे मॉनिटर असतात, आणि आपल्याला वाटतं आपलं गाणं त्या दिव्यांवाचून अडलंय. विकणाऱ्यांनाही हेच हवं असतं. मार्च २०२३ मध्ये वेव्हज या प्लगइनच्या मोठ्या कंपनीने जाहीर केलं की, यापुढे कायमचं विकत घेणं बंद, फक्त वर्गणी. जगभरातले लोक इतके खवळले की, काही दिवसांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. आपण महिन्याचं रिचार्ज बघून करतो. गाण्याच्या कामाला अजून एक मासिक हप्ता लावून घेण्याआधी जरा थांबायला नको का?

एफएलचं त्या बाबतीत बरं आहे. एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या कायम फुकट, हे धोरण त्यांनी टिकवलंय. जुन्या आवृत्तीतली फाइल नव्यात उघडते. (उलटं करायला जाऊ नका. मित्राच्या नव्या आवृत्तीतली फाइल तुमच्या जुन्यात उघडेलच असं नाही.)

मोठ्या लोकांची उदाहरणं द्यायला मला फारसं आवडत नाही, कारण कुणी काय वापरलं यावरून आपलं गाणं चांगलं होत नाही. तरी टोमणे मारणाऱ्यांसाठी दोन सांगते. मार्टिन गॅरिक्सचं 'अ‍ॅनिमल्स' २०१३ मध्ये आलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, आणि त्याने ते याच 'पोरांच्या' सॉफ्टवेअरवर केलं होतं. त्याच्या आधीच्या पिढीतला ब्रिटनचा फॅटबॉय स्लिम तर ऐंशीच्या दशकातला अटारी एसटी कॉम्प्युटर जग कितीतरी पुढे गेल्यावरही वापरत राहिला.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणाल तर ऑक्टोपॅड. ऑर्केस्ट्रावाल्या कुणालाही विचारा, रोलँडचा एसपीडी-२० म्हणजे काय. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेला तो काळा पॅड. त्याच्यानंतर जास्त आवाजांचे, जास्त सोयींचे पॅड आले, तरी आपल्याकडच्या वादकांनी जुना सोडला नाही. सेकंडहँड शोधत राहिले, रबर फाटलं तर बदलून घेत राहिले. शेवटी कंपनीनेच जुन्या पॅडचे आवाज आत घालून एसपीडी-२० प्रो काढला. हट्टी गिऱ्हाईकांपुढे कंपनी नमते ती अशी.

पण थांबा. ही सगळी बाजू घेताना मला रोज माझ्या डोळ्यांसमोर दिसणारी एक गोष्ट लपवता येणार नाही. इंटर्नशिपमुळे मी पेपरच्या जगात वावरते. या धंद्यात पेजमेकरवर हात बसलेले डीटीपी ऑपरेटर अजून आहेत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ मध्ये. म्हणजे मी जन्मण्याच्याही आधी! त्या काकांची बोटं जुन्या मराठी फॉन्टच्या कीबोर्डवर अशी चालतात की बघत राहावं. पान लावण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. पण त्या जुन्या फॉन्टमधला मजकूर वेबसाइटवर टाकायला गेलं की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मग युनिकोडमध्ये बदला, रफार सुटलेत ते शोधा, जोडाक्षरं दुरुस्त करा. पान वेळेत गेलं, पण बातमी पुढे शोधायची कुणी आणि कशी? जुन्याला चिकटण्याची ही किंमत आहे, आणि ती चिकटणाऱ्याला दिसत नाही. ती शेजारच्या टेबलावर पडते. सध्या ते टेबल माझं आहे.

म्हणून 'जुनंच वापरा' म्हणताना मी त्याला एक अट जोडते. तुमचं काम त्या सॉफ्टवेअरच्या बाहेर काढता आलं पाहिजे. हे नुसतं भीती घालायला म्हणत नाही. लॉजिक नावाचं सॉफ्टवेअर एके काळी विंडोजवरही चालायचं. २००२ मध्ये अ‍ॅपलने ती कंपनी विकत घेतली आणि विंडोजची आवृत्ती बंद करून टाकली. ज्यांची वर्षांची कामं त्यात होती त्यांनी काय करायचं? मॅक घ्या, नाहीतर जुनी आवृत्ती मरेपर्यंत चालवा. केकवॉक हे तर १९८७ पासूनचं नाव. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच्या मालक गिब्सन कंपनीने काम थांबवल्याचं जाहीर केलं. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये बँडलॅबने ते घेतलं म्हणून वापरणाऱ्यांचा जीव भांड्यात पडला. प्रत्येक वेळी कुणी वाचवायला येईलच असं नाही.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, म्हणूनच कुणी करत नाही. गाणं पूर्ण झालं की फक्त एमपीथ्री काढून मोकळं होऊ नका. ढोलकी वेगळी, पेटी वेगळी, बास वेगळा, अशी प्रत्येक वाद्याची वेव्ह फाइल पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत काढून ठेवा. नोटांची मिडी फाइलही काढा. या दोन गोष्टी जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर उघडतं, आजचं आणि बहुधा वीस वर्षांनंतरचंही.

आणि काही वेळा खरंच बदलायला हवं. तुम्हाला नंदीग्राम एक्स्प्रेस पकडून मुंबईला एखाद्या स्टुडिओत उमेदवारी करायची असेल, तर तिथे जे चालतं ते शिकावंच लागेल, मग ते प्रो टूल्स असो की क्यूबेस. तिथे तुमचा हात नाही, त्यांची पद्धत चालणार. तुम्ही तासभराचं कीर्तन किंवा पूर्ण बँड एकदम रेकॉर्ड करणार असाल, तर त्यासाठी एफएल मलाही अवघड वाटतं. त्या कामाला रीपर बरं. ते साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि लहान कमाईवाल्यांसाठी लायसन्स साठ डॉलरचं, म्हणजे पाच हजार रुपयांच्या थोडं वर. गरज पडली म्हणून दुसरं हत्यार उचलणं वेगळं. कुणी हसलं म्हणून पहिलं टाकून देणं वेगळं.

पैशाचा विषय निघालाच आहे तर क्रॅकचंही बोलू. आपल्यातले कितीतरी जण क्रॅक वापरतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मी पोलीस नाही. पण 'मला हे सॉफ्टवेअर सवयीचं आहे' असं ज्याच्याबद्दल तुम्ही म्हणता, ते तुमचं नसेलच तर त्या सवयीला अर्थ काय? अपडेट करता येत नाही, अँटीव्हायरस बंद ठेवावा लागतो, विंडोज नवं टाकलं की सगळं उडतं, आणि ऐन कामाच्या रात्री ते उघडत नाही. एफएलची फुकट चाचणी आवृत्ती जवळजवळ सगळं करू देते. फक्त सेव्ह केलेलं प्रोजेक्ट लायसन्स घेईपर्यंत पुन्हा उघडू देत नाही. यावर शिकता नक्की येतं. मग चार गाण्यांचे पैसे बाजूला टाकून सगळ्यात लहान एडिशन घ्या. मोबाइलचा ईएमआय फेडतोच की आपण.

आता एक नवंच प्रकरण आलंय. मूळ गाण्यातून गायकाचा आवाज पुसून टाकायचा आणि उरलेलं म्युझिक ट्रॅक म्हणून वापरायचं. डीझरने २०१९ मध्ये स्प्लीटर फुकट खुलं केलं तेव्हापासून हे सोपं होत गेलं. एफएलमध्येही ही सोय २०२३ मध्ये आलीय, म्हणजे त्यासाठी घर बदलायची गरज नाही. चाली बसवायला, कुठे कोणतं वाद्य वाजतंय ते ऐकायला ही गोष्ट भारी आहे. पण स्टेजवर? नीट ऐका, मागे मूळ गायिकेचं भूत कुजबुजत असतं. पट्टी तिची, श्वास घ्यायच्या जागाही तिच्याच. एआयला दोन ओळी लिहून अख्खं गाणं मागवणाऱ्यांना तर मी एवढंच विचारेन, त्यातली हलगी तुम्हाला खरंच हलगी वाटते का? मला तरी ती डबा वाटते.

हलगीवरून आठवलं. ट्रॅकमुळे वाजवणाऱ्यांची कामं कमी झाली, ही तक्रार तुम्ही तुमच्या गावातल्या ढोलकीवाल्या काकांकडून ऐकली असेल. ती खोटी नाही. चार वादकांच्या जाण्या-येण्याचा, जेवणाचा खर्च आयोजकाला नको असतो. म्हणूनच मला तो 'हलगी उठाव' नावाचा फोल्डर महत्त्वाचा वाटतो. तो कुठल्या विदेशी सॅम्पल पॅकमधून आलेला नाही. त्या पोराने गल्लीतल्या एका हलगीवाल्या मामांना बसवून, साधा माइक लावून, वेगवेगळे ठोके रेकॉर्ड केलेत. त्याचे पैसेही दिलेत, पाचशे का होईना. मामांची कडक उन्हात तापवलेली हलगी आता तालुक्यातल्या कितीतरी गाण्यांत वाजते. हे काम करायला नवं सॉफ्टवेअर लागत नाही. दुपारचा वेळ लागतो, आणि शेजाऱ्यांनी मिक्सर बंद ठेवावा लागतो.

गॅदरिंगचे दिवस डिसेंबर-जानेवारीत येतील. तुम्ही गाणार असाल तर ट्रॅकवाल्याकडे आदल्या दिवशी जाऊ नका, पंधरा दिवस आधी जा, तुमची पट्टी त्याला गाऊन दाखवा. आणि तुम्हीच ट्रॅकवाले असाल तर फाइलच्या नावात गाणं, पट्टी आणि लय तिन्ही लिहा, 'फायनल', 'फायनल २', 'एकदम फायनल' असं नको. एक कॉपी पेनड्राइव्हवर, एक मोबाइलमध्ये. लॅपटॉप आधीच चार्ज करून ठेवा, लाइटचा काही भरवसा नाही.